जळणासाठी चेन सॉची साखळी कशी निवडावी?

चेन सॉ घेताना आपण इंजिन किती सीसीचं आणि बार किती इंची, एवढंच विचारतो. पण लाकूड कापते ती साखळी. आज तिच्याबद्दल बोलू.

आधी आपलं लाकूड कसं आहे ते पाहा. आमच्या यशवंतपूरला, एकूणच बंगळूरात, एप्रिल-मेच्या वळवात गुलमोहर आणि रेन ट्री रस्त्यावर आडवे होतात. हे लाकूड मातीत लोळलेलं असतं. खोडात जाहिरातींच्या पाट्यांचे खिळे आणि केबलच्या तारा रुतलेल्या असतात. गावाकडे बंबासाठी किंवा चुलीसाठी बाभूळ, सुरू आणतात. ती वाळली की दगडासारखी होतात. म्हणजे आपलं जळण एक तर मळकं, नाहीतर टणक. साखळी निवडताना हे विसरू नका.

पहिली गोष्ट: साखळी मशीनवर बसली पाहिजे. त्यासाठी तीन आकडे लागतात.

१. पिच. लागोपाठच्या तीन रिव्हेटांपैकी पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंतचं अंतर मोजा आणि निम्मं करा. घरगुती मशीनला बहुधा ३/८ इंच लो प्रोफाइल, मध्यम मशीनला ०.३२५ किंवा ३/८ इंच असतं. पिच मशीनच्या स्प्रॉकेटशी जुळलंच पाहिजे.

२. गेज. बारच्या खाचेत फिरणाऱ्या दुव्याची जाडी. १.१, १.३, १.५ आणि १.६ मिलिमीटर ही नेहमीची मापं. जाड दुवा खाचेत जात नाही. पातळ दुवा डुगडुगतो आणि काप तिरका जातो.

३. खाचेतल्या दुव्यांची संख्या. ‘अठरा इंची द्या’ एवढं सांगून भागत नाही. लांबी तीच असली तरी कंपनीनुसार संख्या बदलते. जुनी साखळी काढून दुवे मोजा. पिच आणि गेज बहुतेक बारवर कोरलेले असतात.

दुसरी गोष्ट: दाताचा आकार. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने ओंडका पोखरणारी अळी पाहिली. ती एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कुरतडत पुढे जात होती. त्यावरून त्याने डावे-उजवे दाते असलेली साखळी बनवली. आजच्या साखळीचं मूळ तेच.

या दाताचे दोन मुख्य प्रकार आहेत. फुल चिझेलचा कोपरा चौकोनी आणि टोकदार असतो. स्वच्छ, मऊ लाकडात तो झपाट्याने कापतो, पण माती लागली की आधी तो कोपराच बोथटतो. सेमी चिझेलचा कोपरा गोलसर असतो. वेग थोडा कमी, पण धार जास्त टिकते. वर सांगितलेल्या लाकडासाठी माझं मत स्पष्ट आहे: सेमी चिझेलच घ्या. मात्र खिळा लागला तर कुठलीच साधारण साखळी वाचत नाही. म्हणून खोड आधी तपासा, माती झाडा आणि ओंडका जमिनीवरून उचलून आधारावर ठेवा.

तिसरी गोष्ट: झटका. फिरत्या बारच्या टोकाचा वरचा भाग दुसऱ्या फांदीला टेकला की मशीन क्षणात उसळून तोंडावर येतं. पडलेल्या फांद्यांच्या ढिगात हा धोका मोठा. पाकिटावर ‘लो किकबॅक’ लिहिलेली साखळी हा झटका कमी करते, संपवत नाही. नवख्याने तीच घ्यावी.

धारेची परीक्षा सोपी आहे. ढलप्या उडाल्या तर साखळी ठीक, पिठासारखा भुसा पडला तर बोथट. बोथट साखळीवर माणूस जोर लावतो आणि अपघात तिथेच होतो. धारेसाठी गोल कानस लागते: ३/८ लो प्रोफाइलला ४ मिलिमीटर, ०.३२५ ला ४.८ मिलिमीटर. साखळीसोबत कानसही विकत घ्या.

एक सूचना. झाड पडलं म्हणून लगेच मशीन काढू नका. कर्नाटकात १९७६ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली झाड तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. रस्त्यावर पडलेलं झाडही आपलं नसतं. आधी विचारा. आणि फांद्यांत विजेची तार अडकली असेल तर लांबच राहा.

तर दुकानात जाताना कागदावर एवढं लिहून न्या: पिच, गेज, दुव्यांची संख्या, सेमी चिझेल, लो किकबॅक. दुकानदाराने ‘हीपण बसेल’ म्हणून दुसरी पुढे केली, तर कागदाशी ताडून पाहा. जुळली नाही तर घेऊ नका.