शेतघर उभारताना : लेखांक ४ – दोन खड्ड्यांचा संडास

विहीर आणि मोटारघराची जागा मागच्या आठवड्यात ठरली. त्या खुणा जमिनीवर आहेत तोवरच संडासाची जागा आखून घ्या. घर झाल्यावर ‘मागे कुठेतरी’ संडास काढायचा, हे शेतावर महागात पडतं, कारण तिथलं पिण्याचं पाणी आपल्याच जमिनीतून येतं. शोषखड्डा विहिरीपासून किंवा बोअरपासून किमान १० मीटर दूर आणि उताराच्या खालच्या अंगाला हवा. कोकणातल्या जांभ्यात, भेगाळ कातळात पाणी लांबवर झिरपतं. तिथे अंतर वाढवता येईल तेवढं वाढवावं.

बरेच जण सेप्टिक टँकच बांधायला निघतात. पण टाकीतून बाहेर येणारं पाणी घाणच असतं, त्यालाही शोषखड्डा लागतोच. आणि टाकी भरल्यावर उपसणारी गाडी पाणंदीतून आत येणार कशी? मग कुणाला तरी पैसे देऊन आत उतरवलं जातं. २०१३च्या कायद्याने हा गुन्हा आहे, तरी माणसं त्यात मरतात. आपल्या घरासाठी कुणावर ती वेळ येऊ नये, एवढ्या एका कारणासाठीही मी दोन खड्ड्यांचाच आग्रह धरीन. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचं खत करणाऱ्या संडासांसाठी जिवाचं रान केलं, तेही याच तळमळीने.

पाच-सहा माणसांच्या घराला मीटरभर व्यासाचे, मीटर-सव्वामीटर खोल असे दोन खड्डे पुरतात. एका वेळी एकच वापरायचा. तो भरायला साधारण तीन वर्षं लागतात. भरला की संडासातून येणारी नळी जिथे दोन खड्ड्यांकडे फुटते त्या चेंबरमध्ये त्याचं तोंड बंद करून दुसऱ्याचं उघडायचं. पहिला दोन वर्षं मिटून ठेवला की आत काळसर, भुसभुशीत, वास नसलेलं खत तयार होतं. ते फावड्याने काढून झाडांना घालता येतं.

बांधकामाच्या दिवशी मात्र गवंड्यापाशी उभं राहावं. खड्ड्याला विटांची जाळी लागते : एक थर सलग, पुढच्या थरात दर दोन विटांमध्ये दोन इंचांची फट. पाइपाच्या तोंडावरचे थर तेवढे सलग. तळाला कोबा नाही, आतून गिलावा नाही. चांगला गवंडी हाताच्या सवयीने नेमका इथेच गिलावा मारतो, आणि खड्डा थोड्याच दिवसांत पाण्याने तुडुंब भरतो. काळ्या मातीत पाणी मुरत नाही, म्हणून जाळीच्या बाहेरून फूटभर जाडीची वाळू किंवा खडी भरावी. पावसाळ्यात भूजल वर येत असेल तर तळ बंद करून भोवती अर्धा मीटर वाळू हवी. वायू जमिनीतच मुरतो, त्यामुळे उंच पाइपाची गरज नाही.

भांडं खड्या उताराचं घ्या. दीड-दोन लिटर पाण्यात काम होतं. शहरी भांड्याला याहून कितीतरी जास्त पाणी लागतं, आणि ते सगळं खड्ड्यातच जातं. न्हाणीचं, मोरीचं पाणी तर खड्ड्यात मुळीच सोडू नये. त्याची वेगळी चारी काढून ते केळी-अळूकडे वळवावं.

पुढच्या आठवड्यात गोठा : जमिनीचा उतार, गोमूत्राची नाली आणि गोबरगॅसचा खड्डा.