हातची भेटकार्डं, लेखांक 3 : सामान कामाच्या वाटेनं लावा

मागच्या लेखांकात कागदाची जाडी आणि वजन यांचा विचार केला. या आठवड्यात सामानाच्या मांडणीकडे वळू. घरी कार्डं करणाऱ्यांची नेहमीची तक्रार सामान नसल्याची नसते. आहे ते ऐन वेळी हाताला लागत नाही, ही असते. राखीच्या आठवड्यात किंवा दिवाळीच्या तोंडावर वीस-पंचवीस कार्डं करायला बसावं, तर पट्टी एका खणात, कटर दुसऱ्या, गोंद मुलांच्या दप्तरात आणि लिफाफे आणायचे राहूनच गेलेले. यावर सर्रास दिला जाणारा सल्ला असा, की एकसारख्या वस्तू एकत्र ठेवा : सगळी पेनं एका डब्यात, सगळ्या चिकटवायच्या वस्तू दुसऱ्यात, लेस, मणी, टिकल्या तिसऱ्यात. हा सल्ला वरवर पटणारा आहे, पण करणाऱ्यासाठी तो चुकीचा आहे असं माझं स्पष्ट मत आहे. सामान वस्तूच्या प्रकारानं न लावता कामाच्या क्रमानं लावलं पाहिजे. जे एका पायरीवर लागतं ते एका जागी, मग त्या वस्तू एकमेकींशी कितीही विजोड असोत.

प्रकारवार मांडणी दुकानाला शोभते, आणि त्याला कारण आहे. गिऱ्हाईक दुकानात वस्तूचं नाव घेऊन येतं. त्याला जेल पेन हवं असतं, आणि दहा जेल पेनं शेजारी-शेजारी दिसली तर निवड सोपी होते. कार्ड करणाऱ्याच्या मनात मात्र वस्तू नसते, पुढची कृती असते. कागद कापून झाला, आता घडी पाडायची, एवढंच त्याला दिसत असतं. आपल्या स्वयंपाकघरातला मिसळणाचा डबा हे तत्त्व पिढ्यान् पिढ्या पाळत आला आहे. मोहरी हे बी, हळद हा कंद, हिंग हा झाडाचा डिंक. प्रकार पाहिला तर तिघांना तीन फडताळं हवीत, पण फोडणीत एकापाठोपाठ एक लागतात म्हणून ती एका झाकणाखाली नांदतात. छापखान्यातही हेच होतं. मराठी ग्रंथ घरोघर पोचवणाऱ्या निर्णयसागरसारख्या छापखान्यांतले जुळारी शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवत. देवनागरीला काने, मात्रा, जोडाक्षरं धरून शेकडो खिळे लागत, त्यामुळे हाताची वाट छोटी राखणं हा तिथे रोजच्या मजुरीचा प्रश्न होता. वारंवार लागणाऱ्या अक्षरांचे खाने मोठे आणि हाताशी, क्वचित लागणाऱ्यांचे छोटे आणि कडेला, अशी खिळ्यांच्या केसची रचना असे. अमेरिकेतही फ्रँक गिलब्रेथ यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गवंड्याच्या हालचाली मोजल्या. विटा आणि चुना गवंड्याच्या कमरेच्या उंचीवर, ठरल्या जागी ठेवल्यावर एका विटेमागच्या अठरा हालचाली पाचांवर आल्या. त्या गवंड्याच्या अंगात काही नवं कौशल्य शिरलं नव्हतं. सामानाची जागा तेवढी बदलली होती.

कामाचा क्रम मांडायला बसलं की पहिला धक्का इथे बसतो, की कार्डाची सुरुवात कागदापासून होत नाही, ती लिफाफ्यापासून होते. हिशेबच पाहा. ए-4 कागद 210 गुणिले 297 मिलिमीटरचा. 300 जीएसएमचा घेतला तर त्याच्या एका तावाचं वजन पावणेएकोणीस ग्रॅमच्या आसपास भरतं. तो मधोमध दुमडला तर ए-5 आकाराचं मोठं, देखणं कार्ड होतं, पण त्याला सी-5 लिफाफा लागतो आणि लिफाफ्यासकट वजन सहज 25 ग्रॅमच्या वर जातं. साध्या टपालाचा पहिला टप्पा 20 ग्रॅमचा, म्हणजे हे कार्ड जादा तिकीट मागणार. त्याच तावाचे दोन तुकडे करून प्रत्येकी एक घडी घातली तर ए-6 आकाराची दोन कार्डं निघतात. प्रत्येकाचं वजन साडेनऊ ग्रॅमच्या आत-बाहेर, आणि 114 गुणिले 162 मिलिमीटरच्या सी-6 लिफाफ्यात ते नीट बसतं. वर लेस-मण्यांसाठी पाच-सहा ग्रॅम शिल्लक राहतात. हा निर्णय कागद कापण्याआधी व्हायला हवा. लिफाफे शेवटच्या खोक्यात ठेवलेले असतील तर तो शेवटी होतो, आणि मग तयार कार्डाच्या कडा छाटण्याची पाळी येते. म्हणून पहिल्या डब्यात लिफाफे, त्या आकाराचा पुठ्ठ्याचा नमुना, मोजपट्टी आणि पेन्सिल हवी. नमुना कागदावर टेकवायचा, रेघ मारायची, पुढे जायचं. दर वेळी मिलिमीटर मोजत बसायला नको.

दुसरा धक्का मजकुराचा. शुभेच्छा आतल्या पानावर लिहायच्या, म्हणून बहुतेक जण त्या सर्वांत शेवटी लिहितात. पण तोवर दर्शनी बाजूवर मणी, क्विलिंगच्या गुंडाळ्या, खडे बसलेले असतात. कार्ड टेबलावर सपाट टेकत नाही, पेन अडखळतं आणि एखादं अक्षर बिघडलं की तासाभराची सजावट वाया जाते. मजकूर सजावटीच्या आधी लिहिला तर बिघडलेल्या कार्डाचं नुकसान फक्त एका कागदाचं. म्हणजे पेनांची जागा गोंदाच्या अलीकडे आहे. सगळी पेनं पेनांत आणि सगळे गोंद गोंदांत ठेवणाऱ्याच्या हे ध्यानात येणं कठीण, कारण त्याच्या मांडणीत पायऱ्याच नसतात. क्रमानं लावलेलं सामान क्रमातली चूकही दाखवून देतं, आणि माझ्या लेखी या पद्धतीचं खरं मोल वाचलेल्या मिनिटांहून यात अधिक आहे.

मग मांडणी अशी होते. लिफाफा आणि आखणीचा डबा झाला. कापणीच्या डब्यात कटर, त्याची जादा पाती, स्टीलची पट्टी, कटिंग मॅट आणि कोरडी कात्री. घडीसाठी फार काही लागत नाही. शाई संपलेली बॉलपेनची रिफिल आणि पट्टी पुरते. मजकुराच्या डब्यात पेनं, पेन्सिल, खोडरबर आणि टिपकागद. चिकटवणीच्या डब्यात फेविकॉल, ग्लू स्टिक, दुहेरी चिकटपट्टी, काडेपेटीच्या काड्या, ओलं फडकं आणि दुसरी कात्री. शेवटी सजावट, आणि चमकी तिच्यातही स्वतंत्र, घट्ट झाकणाच्या डबीत, कारण ती एकदा पेनांच्या निबांत किंवा शाईच्या पॅडवर सांडली की निघत नाही. यासाठी महागडे कप्पे नकोत. श्रीखंडाचे रिकामे प्लास्टिकचे डबे आणि चपलांचे खोके यांनी काम भागतं. डब्यावर वस्तूचं नाव लिहू नये, कृतीचं लिहावं : ‘आखणी’, ‘कापणी’, ‘लेखन’, ‘चिकटवणी’.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा येतो. पट्टी दोन ठिकाणी, कात्री दोन ठिकाणी, म्हणजे एकेका वस्तूचे दोन-दोन नग घ्यायचे का? बहुतेक वस्तूंना याची गरज नाही. पट्टी आखणीकडून कापणीकडे आणि तिथून घडीकडे सरकत जाते, तिनं प्रवास करायला हरकत नाही. कात्रीची गोष्ट वेगळी. दुहेरी चिकटपट्टी कापलेल्या कात्रीचं पातं नीट पाहा. टोकाकडच्या बोटभर भागावर चिकटद्रव्याचा करडा थर बसलेला असतो, त्यावर कागदाचे तंतू आणि धूळ. तीच कात्री पुढच्या कार्डावर चालवली की कागद कापला न जाता दुमडतो, आणि कडेला मळकट रेघ उमटते. तेव्हा दोन कात्र्या या पद्धतीमुळे लागत नाहीत. त्या लागणारच होत्या, ही पद्धत ते लपवत नाही एवढंच. दुसरा आक्षेप जागेचा. दोन खोल्यांच्या घरात कार्डांसाठी वेगळं टेबल कुठून आणायचं? पण क्रम जागेतच मांडावा लागतो असं नाही, तो वेळेतही मांडता येतो. डबे एकावर एक रचावेत, पहिल्या पायरीचा सर्वांत वर. एका वेळी एकच डबा उघडा. वीसही कार्डांची आखणी संपली की तो झाकून बाजूला. जेवणाच्या चौरंगाएवढी जागा पुरते, आणि गोंद उघडण्याआधी कोरा कागद तिथून हललेला असतो.

या नियमाला एक मोठा अपवाद आहे, तो कागदाचा. कागद मात्र प्रकारवार आणि सगळ्या डब्यांपासून लांब ठेवावा, कारण त्याची जागा काम ठरवत नाही, हवा ठरवते. आपलं कोपरगाव गोदावरीकाठी असलं तरी तालुका पर्जन्यछायेतला, वर्षाचा पाऊस साधारण 500 मिलिमीटरच्या घरात. एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी होते की जाड कागद घडीवर तडकतो आणि पांढरे तंतू बाहेर येतात. पावसाळ्यात उलटं होतं. गठ्ठ्याच्या कडा आधी ओल शोषतात, मधला भाग मागे राहतो आणि कडांना लाटा येतात. उभा ठेवलेला कागद वाकतो आणि गुंडाळीत ठेवलेला पुन्हा सरळ व्हायला तयार नसतो. त्यामुळे कागद आडवा, जाड प्लास्टिकच्या पिशवीत, वर सपाट फळी ठेवून, भिंतीपासून आणि फरशीपासून दूर असावा. पातळावर जाड असं न रचता सारख्या जाडीचे गठ्ठे करावेत, म्हणजे दाब सगळीकडे सारखा पडतो. कसर हा दुसरा शत्रू. तिला खळीतलं पीठ आवडतं, म्हणूनच जुने बुकबाइंडर खळीत मोरचूद घालत. मोरचूद विषारी आहे. मुलं जिथे कार्डं करतात त्या घरात ते आणू नये. त्यापेक्षा खळ लागेल तेवढीच करावी आणि उरलेली कागदाजवळ ठेवू नये.

हातकागद वापरणाऱ्यांनी आणखी थोडं सांभाळायला हवं. आपल्या भागाला हा कागद परका नाही. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात सुती चिंध्यांपासून कागद करण्याची परंपरा शतकांची आहे आणि पुण्यातली हातकागद संस्था 1940 पासूनची. गिरणीच्या कागदात तंतू बव्हंशी एका दिशेनं झोपलेले असतात, हातकागदात ते चहूकडे विखुरतात. त्यामुळे हातकागद कोणत्याही बाजूनं जवळपास सारखाच दुमडतो, पण त्याच्या पृष्ठभागावर शाई फुटू शकते. म्हणून त्याच्या गठ्ठ्यातच एक छोटा तुकडा पेन तपासण्यासाठी ठेवावा. संजीवनी आणि कोळपेवाडी या साखर कारखान्यांच्या आपल्या तालुक्यात उसाच्या बगॅसचा कागद वापरण्याची हौस असणं स्वाभाविक आहे. बगॅसचे तंतू आखूड असतात, तेव्हा असा कागद कार्डाच्या घडीसाठी न वापरता वरून चिकटवायच्या चौकटीसाठी वापरावा.

सर्वांत जोरकस आक्षेप कल्पकतेच्या बाजूनं येतो. पसाऱ्यातूनच सुचतं, असं म्हणणारे बरेच आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. लग्नसराई संपल्यावर घरोघर साठलेल्या पत्रिकांचा ढीग समोर पसरला की सोनेरी वेलबुट्टीची एखादी चौकट, एखादा मोर किंवा कलश डोळ्यांत भरतो आणि त्यातून कार्डाचा सबंध आराखडा उभा राहतो. येवला जवळच आहे, तिथल्या पैठणीचा उरलेला काठ मिळाला तर त्याच्या जरीशेजारी कोणता रंग खुलेल हे दोन्ही शेजारी ठेवल्यावाचून कळत नाही. पण हे सुचणं ही स्वतंत्र पायरी आहे, आणि तिलाही डबा देता येतो. कात्रणं, काठाचे तुकडे, पत्रिकांचे भाग असं सगळं एका उथळ ताटात बेशिस्त राहू द्यावं. पत्रिकांवरची गणपतीची चित्रं मात्र आधीच कापून वेगळ्या पाकिटात ठेवावीत. ती रद्दीत जाऊ नयेत अशी अनेकांची भावना असते, आणि अशा चित्राचं नेटकं कार्ड होऊ शकतं. ताटातून निवड झाली, पाच-सात तुकडे बाजूला निघाले, की ताट उचलून ठेवावं. गोंद उघडा असताना सुचत बसणं आणि गोंद वाळू देणं, यांत पसाऱ्याचा काही गुण नाही.

वर्षाकाठी दोन-चार कार्डं करणाऱ्यानं एवढा खटाटोप करावा असं मी म्हणणार नाही. त्याला एक डबा बास. डझनाच्या पुढे गेलं की मात्र ही मांडणी मेहनत भरून काढते, आणि कार्डं विकायची असतील तर तिच्याशिवाय निभत नाही. तिचा सर्वांत दुर्लक्षित भाग आवरण्याचा. छापखान्यात छपाई संपली की जुळवलेला मजकूर सोडून प्रत्येक खिळा ज्याच्या त्याच्या खान्यात परत टाकला जाई, आणि त्या कामाचाही मोबदला धरलेला असे. एक खिळा चुकीच्या खान्यात पडला तर पुढच्या पानावर चुकीचं अक्षर उमटणार. कार्डं करणाऱ्यानंही आवरायची वेळ कामातच धरावी. डबा बंद करताना त्यात काय संपत आलं हे झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या चिठ्ठीवर लिहावं. कटरची पाती, दुहेरी चिकटपट्टी, पांढरं जेल पेन या वस्तू सहसा आधी संपतात. साधं सामान गावात मिळतं, पण खास कागद आणि ठरावीक मापाचे लिफाफे यांसाठी नाशिक, पुण्याचा अप्पा बळवंत चौक किंवा मुंबईतली अब्दुल रहमान स्ट्रीट गाठावी लागते, नाहीतर घरपोच मागवून वाट पाहावी लागते. कुणी तिकडे निघालं की झाकणांवरच्या चिठ्ठ्या काढून हातात द्याव्यात. राखीसाठी ही यादी जूनमध्ये पुरी व्हायला हवी आणि दिवाळीसाठी गणपतीच्या आधी. पुढच्या आठवड्यात घडीचा विचार करू : कागदाची दिशा कशी ओळखायची, आणि कोरड्या हवेत घडी न तडकता कशी पाडायची.