बाटलीतलं सूत

आठ वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात आईने इन्शुलिनची बाटली खिडकीकडे धरली आणि मला विचारलं, "ह्याच्यात सूत पडलंय का रे? का माझेच डोळे गेले?"

डोळे गेले नव्हते. पाण्यासारख्या स्वच्छ असायला हव्या त्या औषधात केसाहून बारीक, पांढुरके धागे तरंगत होते. पंधरा दिवस तिची साखर तीनशेच्या खाली उतरत नव्हती. डॉक्टरांना फोनवर विचारून आम्ही युनिट वाढवत होतो, आणि वर पथ्यावरून तिलाच बोलत होतो. आंबरसाला हात लावला नाही, असं ती शपथेवर सांगत होती. ती खरं बोलत होती. ती बाटली लातूरहून अहमदपूर तालुक्यातल्या आमच्या गावी मीच नेली होती. भर दुपारी, मोटारसायकलच्या डिकीत.

मी रसायनशास्त्राचा पदवीधर नाही. बारावीला विज्ञान होतं, पुढे शिक्षण सुटलं आणि लातूरच्या आडत बाजारात हिशेब लिहिण्यात उमेदीची वर्षं गेली. पण त्या धाग्यांनी मला पुन्हा पुस्तकांपाशी नेऊन बसवलं. औषध नासलं म्हणजे नेमकं काय झालं, एवढंच मला हवं होतं. उत्तराचं पहिलं टोक सापडलं ते मात्र पुस्तकात नाही, सोयाबीनच्या तेलात.

आमच्या आडतीचा माल ज्या तेल कारखान्यात जायचा, तिथे कच्चं तेल गरम करून त्यात शेकडा दोन-तीन भाग पाणी मिसळतात आणि ढवळतात. थोड्या वेळात तेलातून एक चिकट, तपकिरी लगदा वेगळा होतो. कामगार त्याला 'गम' म्हणतात. वाळवून विकला की तो लेसिथिन होतो आणि बिस्किटांत, चॉकलेटांत जातो. मी हे कितीदा पाहिलं होतं. पाणी घातल्यावर तो बाहेर का पडतो, हा प्रश्न मात्र कधी पडला नव्हता.

लेसिथिनच्या रेणूला एक डोकं आणि दोन लांब शेपट्या असतात. डोक्याचं पाण्याशी जमतं, शेपट्यांचं जमत नाही. पाठ्यपुस्तकं शेपट्यांना 'जलद्वेषी' म्हणतात. मला हा शब्द पटत नाही. द्वेष कुणीच करत नाही. पाण्याचे रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून असतात आणि आपली साखळी मोडायला नाखूष असतात, एवढंच. लग्नात सगळे सोयरे आपापसांत बोलत बसले की अनोळखी पाहुणे आपोआप मांडवाच्या कडेला एकत्र जमतात, तशा या शेपट्या एकमेकींजवळ येतात. त्यांना कुणी जमवत नाही. डोकी पाण्याकडे आणि शेपट्या आत, अशा दोन थरांचं पटल तयार होतं.

आपल्या प्रत्येक पेशीभोवती असलंच पटल असतं. 1925 साली गॉर्टर आणि ग्रेंडेल या दोन डच संशोधकांनी तांबड्या रक्तपेशींतले मेद काढून पाण्यावर पसरले. पसरलेल्या थराचं क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या साधारण दुप्पट भरलं, म्हणजे पटल दोन थरांचं असणार. पुढे 1960च्या दशकात इंग्लंडमध्ये ॲलेक बँगहॅम यांनी लेसिथिनमध्ये नुसतं पाणी मिसळून असे बंद फुगे आपोआप तयार होताना दाखवले. त्यांची भिंत चार-पाच नॅनोमीटर जाडीची असते. एका मिलिमीटरमध्ये अशा दोन लाख भिंती रचता येतील.

भिंत झाली, पण पेशीला बाहेरचा निरोप आत पोचवणारं कुणी तरी लागतं. ते काम ग्राही करतात. इन्शुलिनचा ग्राही पटलाच्या आरपार गेलेला असतो आणि तोही जुळून बनलेला असतो: बाहेर दोन भाग, पटलातून आत उतरलेले दोन भाग. बाहेरच्या भागांना इन्शुलिन येऊन चिकटलं की सगळी रचना आकार बदलते, आतली दोन टोकं जवळ येतात आणि एकमेकांवर फॉस्फेटची खूण करतात. त्या खुणेवरून पुढची साखळी चालू होते, आणि स्नायू आणि चरबीच्या पेशींत साखर आत घेणारे वाहक पृष्ठभागावर येतात.

आता गंमत अशी की बाटलीतलं इन्शुलिन या ग्राहीत बसूच शकत नाही. इन्शुलिन हे 51 अमिनो आम्लांचं लहानसं प्रथिन. स्वादुपिंडात साठताना, आणि बाटलीतही, त्याचे सहा रेणू जस्ताच्या अणूंभोवती गोळा होऊन एक गट करतात. स्फटिकात हा गट कसा दिसतो ते डोरोथी हॉजकिन यांच्या ऑक्सफर्डच्या गटाने 1969 साली उलगडलं. त्या शोधनिबंधावर आपल्याकडचे एम. विजयन यांचंही नाव आहे. सहाच्या गटात असताना इन्शुलिन सुरक्षित असतं, पण ग्राहीला भिडणारी त्याची बाजू बरीचशी झाकलेली असते. टोचल्यावर ते कातडीखाली पातळ होतं, गट फुटून दोन-दोन होतात, मग सुटे रेणू होतात, आणि सुटा रेणूच ग्राहीला चालतो. हे सुटं व्हायला वेळ लागतो. 'जेवणाआधी अर्धा तास सुई घ्या' या सूचनेचा अर्थ मला इतक्या वर्षांनी असा कळला. 1996 मध्ये बाजारात आलेल्या लिस्प्रो इन्शुलिनमध्ये फक्त दोन शेजारच्या अमिनो आम्लांची अदलाबदल केली आहे. त्यामुळे रेणूंची आपसातली पकड सैल होते आणि औषध लवकर लागू पडतं. उलट, ज्या दुधाळ इन्शुलिनचा परिणाम हळू व्हायला हवा त्यात माशांपासून मिळणारं प्रोटॅमिन नावाचं प्रथिन मिसळून दोघांचे एकत्र स्फटिक बनवलेले असतात. (ते गढूळच असतं. आईचं तसं नव्हतं.)

म्हणजे जुळणं जेवढं गरजेचं तेवढंच वेळेवर सुटणंही. ही सोय दुर्बल बंधांमुळे होते. एकेकटा हायड्रोजन बंध रेणूच्या आतल्या पक्क्या बंधाच्या ढोबळमानाने विसावा हिस्साही भरत नाही. असे पुष्कळ मिळून रचना धरून ठेवतात आणि परिस्थिती बदलली की सोडून देतात.

अशी सैल जुळणी माणसाला मुद्दाम घडवता येते का, याचा शोध घेताना मला एक नाव भेटलं आणि मी खुर्चीत सावरून बसलो. शेषनाथ भोसले. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे एम.एस्सी. पुढे ते बर्लिनला आणि तिथून जिनिव्हाला श्टेफान माटिले यांच्या प्रयोगशाळेत गेले. 2006 साली 'सायन्स' नियतकालिकात आलेल्या एका शोधनिबंधाचे ते पहिले लेखक आहेत. त्यांनी आठ बेंझीन कड्यांच्या ताठ काठीवर नॅप्थलीन डायइमाइड या निळ्या रंगद्रव्याचे रेणू बसवले. मेदाच्या फुग्यांच्या भिंतीत अशा चार काठ्या आपण होऊन एकत्र येतात आणि निळे रेणू पिळाच्या जिन्यासारखे एकावर एक रचले जातात. उजेड पडला की या जिन्यावरून इलेक्ट्रॉन निघून जातात आणि फुग्याच्या आतबाहेर प्रोटॉनांचा फरक तयार होतो. हिरवं पान हेच काम करतं. त्यानंतर त्यांनी एक दुसरा रेणू सोडला. तो निळ्या रेणूंच्या मधे सरकला, रचना उलगडली आणि तिचा आयन आरपार जाऊ देणारा मार्ग झाला. उजेडाचं काम तिथेच थांबलं. निरोप आला आणि दार उघडलं, ग्राहीसारखंच. त्या लेखकांपैकी पिनाकी तालुकदार पुढे पुण्याच्या आयसरमध्ये आले आणि कृत्रिम आयन-मार्गांवरच काम करत राहिले.

हा निबंध मी छापून घेतला आणि महिनाभर वाचला. निम्मा कळला. पण आईच्या बाटलीचं कोडं तिथे सुटलं. सूत म्हणजेही जुळणीच होती, फक्त न सुटणारी. उष्णतेने आणि हादऱ्यांनी सहाच्या गटातून निसटलेला सुटा रेणू अर्धवट उलगडतो, काचेला आणि बाटलीतल्या हवेच्या कडेला चिकटतो, दुसऱ्या तशाच रेणूवर चपटा बसतो, त्यावर तिसरा. असा धागा एकदा सुरू झाला की उरलेल्यांना ओढत जातो. त्या धाग्यातलं इन्शुलिन ग्राहीच्या काहीच कामाचं नसतं.

आणि घोळ एवढ्यावर थांबला नाही. मी नवी बाटली आणली आणि तिच्यातून वाढवलेलाच डोस दिला. आता सगळे रेणू कामाचे होते. रात्री अकराला आईला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, बोलणं तुटायला लागलं. साखरेचं पाणी पाजलं, वीस मिनिटांनी ती सावरली. ती वीस मिनिटं मी अजून विसरलेलो नाही.

आता बाटली फ्रीजमध्ये असते. वीज गेली तर झाकणाच्या डब्यात घालून ओल्या वाळूवरच्या माठात. 2021 साली जिनिव्हा विद्यापीठ आणि वैद्यकीय मदत करणाऱ्या एका संस्थेने केनियातल्या दादाब निर्वासित छावणीच्या तापमानावर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. 25 ते 37 अंशांच्या चढउतारात चार आठवडे ठेवूनही इन्शुलिनची ताकद टिकली होती. म्हणजे माठाला घाबरायचं कारण नव्हतं. मेच्या दुपारची डिकी याहून कितीतरी जास्त तापते, आणि वर खड्ड्यांचे हादरे.

लातूरहून औषध आणताना मी आता थर्मासमध्ये आणतो आणि पहाटे निघतो. तरी सुई भरण्याआधी आई बाटली खिडकीकडे धरतेच. "बघ बरं, काही दिसायलंय का?" म्हणून मलाही दाखवते.