मातीला जाऊन येऊ या

आपल्या निपाणी-चिकोडी भागात कुणी वारले की मराठी माणूस 'मातीला जाऊन येतो' म्हणतो आणि शेजारचा कन्नड माणूस 'मण्णिगे होगि बर्तीनि' म्हणतो. शब्द दोन्हीकडे मातीचाच. त्या दिवशी हातातली कामे बाजूला पडतात. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून भावकी आणि शेजारी पिठलं-भाकरी घेऊन येतात. हे इतके अंगवळणी पडलेले की याचा उपयोग काय, असा प्रश्न समाजशास्त्र शिकवूनही मला कधी पडला नव्हता. तो पडला २०२१ साली, मध्य प्रदेशातल्या मंडीदीपमध्ये.

मंडीदीप ही भोपाळपासून वीस-पंचवीस किलोमीटरवरची, रायसेन जिल्ह्यातली कारखान्यांची वसाहत. माझे धाकटे काका तरुणपणी नोकरीसाठी तिथे गेले आणि तिथलेच झाले. काकू गोकाकच्या. घरात आपसात कन्नड, आमच्याशी मराठी आणि दाराबाहेर हिंदी.

एप्रिल २०२१ मध्ये काका कोरोनाने गेले. देह दवाखान्यातून परस्पर स्मशानात नेला. मुलाने किट घालून कसाबसा अग्नी दिला. काकू स्वतः आजारी, घरात एकट्या. आम्ही इकडे मोबाईलच्या पडद्यासमोर बसून राहिलो. दहावा नाही, तेरावा नाही, दारात कुणी आले नाही.

पुढे सहा महिने चुलतभावाचा फोन आला की एकच तक्रार असे, "आई रडतच नाही." काकू रोज सकाळी दोन कप चहा टाकत. काकांचा डबा धुऊन ठेवत. अस्थींचा कलश तसाच होता.

असे घडलेले ते एकच घर नव्हते. भोपाळच्या भदभदा विश्रामघाटावर त्या लाटेत इतकी रक्षा न नेता राहिली की २०२१ मध्येच ती मातीत मिसळून तिथे बाग करायचे ठरले. या शहराने आधीही असे दुःख पाहिले होते. १९८४ च्या २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री वायुगळती झाली, तेव्हा कित्येकांची ओळखही पटली नव्हती. सामुदायिक चिता पेटल्या, सामुदायिक कबरी खणल्या गेल्या. आपल्या माणसाला नक्की कुठे निरोप दिला, हे न कळलेली घरे तिथे आहेत.

नोव्हेंबरमध्ये आम्ही सातजण रेल्वेने भोपाळला गेलो. तेव्हा होशंगाबाद आणि आता नर्मदापुरम म्हणतात त्या गावी, सेठानी घाटावर अस्थी सोडल्या. दुसऱ्या दिवशी मंडीदीपच्या घरी जेवण ठेवले. काकांच्या खात्यातले लोक आले. त्यांत बिहारी होते, मल्याळी होते, एक आपल्या सांगलीकडचे होते. एका तरुण कामगाराने सांगितले, "काकाजींनी माझ्या बहिणीच्या लग्नाला पैसे दिले आणि परत मागितले नाहीत." काकूंना हे ठाऊकच नव्हते. त्या उठून आत गेल्या आणि मोठ्याने रडल्या. मी जवळ बसलो. त्या म्हणाल्या, "अवरन्न यारू कळिसि कोडलिल्ल." त्यांना कुणी निरोपच दिला नव्हता. थोड्या वेळाने डोळे पुसून त्यांनीच पंगतीत भात वाढायला घेतला.

फ्रेंच अभ्यासक व्हॅन गेनेप यांनी १९०९ मध्ये अशा विधींचे तीन टप्पे मांडले: तुटणे, मधला काळ आणि पुन्हा समाजात मिसळणे. वर्गात मी हे कित्येक वर्षे शिकवले, पण त्याचा अर्थ काकूंच्या घरात कळला. विधी दुःख घालवत नाही. पण सैरभैर झालेल्या हातांना तो काम देतो, माणसे दारात आणतो, गेलेल्याविषयी चारचौघांत बोलायला लावतो आणि 'आता उठा, कामाला लागा' म्हणण्याचा एक दिवस ठरवून देतो. काकू सहा महिने त्या मधल्या काळातच अडकून पडल्या होत्या.

म्हणून जे चालत आले ते सगळेच चांगले, असे मात्र मी म्हणणार नाही. कर्ज काढून पंगती उठवू नका, असे गाडगेबाबा कीर्तनांतून सांगत. आणि दुःखात असलेल्या बाईच्या बांगड्या फोडणे हा कसला आधार? आपल्या शेजारच्याच शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तो यासाठीच. काकूंच्या हातात आजही हिरव्या बांगड्या आहेत. कुणी विचारले तर म्हणतात, "ह्यांनीच आणलेल्या, ह्यांना आवडायच्या."

कुणाचे दहन, कुणाचे दफन. कुणाचा तेरावा, तर कुणाची शिवगणाराधने. ज्याची त्याची रीत. कुणी काहीच न मानता नुसती शोकसभा घेईल, तीही चालेल. माणसांनी यावे, एवढेच खरे.

परवा काकूंचा फोन आला. त्यांच्या गल्लीत एक कामगार वारला, गाव दूर, नातेवाईक पोचायचे होते. त्या म्हणाल्या, "खिचडी नेऊन दिली आणि तिच्याजवळ बसले. बोलले काही नाही."

तेव्हा 'जाऊन काय बोलायचे?' म्हणून मातीला जायचे टाळू नका. बोलायचे काहीच नसते. जायचे असते.