गोल गोळीचं परतणं

कोल्ट कंपनीच्या जुन्या रिव्हॉल्व्हरसोबत पेटीत एक पितळी साचा मिळायचा. त्यात दोन घरं असत: एक गोल गोळीचं, दुसरं टोकदार लांबट गोळीचं. शिसं वितळवायचं, ओतायचं, वरचं जादा शिसं छाटायचं. यातली कोणती गोळी घ्यायची, हा वाद त्या एका साच्यापासून आजतागायत चालू आहे.

1836 च्या पॅटरसनपासून 1860 च्या आर्मी मॉडेलपर्यंत या हत्यारांचं तत्त्व एकच होतं. सिलिंडरच्या प्रत्येक खणात समोरून दारू भरायची, तिच्यावर गोळी ठासायची, मागच्या निपलवर टोपी बसवायची. आपल्या कोकणातली ठासणीची बंदूक ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा क्रम सांगावा लागणार नाही. फरक ठासण्याच्या दांड्याचा. कोल्टने तो पुढे नळीखालीच बसवला आणि त्याच्या जोरावर खणापेक्षा किंचित मोठी गोळी आत दाबता येई. दाबताना खणाची धार कडेचं शिसं तासते आणि बारीक, चकचकीत कडं तोंडाशी सुटून येतं. ते अखंड निघालं की गोळी चहूबाजूंनी घट्ट बसली. मग ती हिसक्याने पुढे सरकत नाही आणि शेजारच्या खणाची ठिणगी तिच्या कडेने आत शिरायला वाट उरत नाही. तासल्यामुळे गोळीच्या कमरेला सपाट पट्टा तयार होतो आणि नळीतले पीळ तो पकडतात. लंडनच्या रॉबर्ट ॲडम्सच्या 1851 च्या रिव्हॉल्व्हरला सुरुवातीला असा दांडाच नव्हता. गोळी अंगठ्याने ढकलायची, म्हणून ती सैल ठेवावी लागे. 1857 मध्ये हिंदुस्थानात इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला कोल्ट आणि ॲडम्स दोन्ही होती. तोवर ॲडम्सलाही दांडा आला होता.

अमेरिकेच्या यादवी युद्धात लांबट गोळीची सरशी झाली. मला तरी याचं श्रेय गोळीपेक्षा पुडक्याचं वाटतं. दारू आणि गोळी एकत्र बांधलेली ज्वलनशील काडतुसं सैन्याला सोयीची होती आणि त्यांत गोळी बहुतेक लांबटच असे. पण ही गोळी जड असते, खणातली दारूची जागा खाते आणि दांड्याखाली जरा तिरकी बसली की नेमही तिरका जातो. 0.44 च्या रिव्हॉल्व्हरची गोल गोळी साधारण 9 ग्रॅमची, लांबट 13 ग्रॅमच्या आसपास. 1955 च्या ‘सिक्सगन्स’ या पुस्तकात अमेरिकी शस्त्रलेखक एल्मर कीथ यांनी त्या युद्धातल्या वृद्ध सैनिकांचा अनुभव नोंदवला आहे: माणसावर गोल गोळीच जास्त परिणामकारक ठरायची.

1950 च्या दशकाअखेरीस इटलीतल्या गार्दोने व्हाल त्रोम्पियात या जुन्या रिव्हॉल्व्हरांच्या नव्या प्रतिकृती बनू लागल्या आणि हा प्रश्न नेमबाजांच्या हाती आला. गोल गोळीने इथे आपली जागा परत मिळवली, आणि माझ्या मते ती रास्तच आहे. अनेक प्रतिकृतींचे खण नळीच्या खाचांपेक्षा अरुंद निघाले. म्हणून 0.451 इंचाऐवजी 0.454 ची गोळी पुष्कळांनी पसंत केली: जास्त तासली जाते, पट्टा रुंद होतो. 1972 च्या रुगर ओल्ड आर्मी या रिव्हॉल्व्हरला मात्र 0.457 लागते.

शिसं मऊच हवं. छापखान्याच्या खिळ्यांच्या धातूत अँटिमनी आणि कथील असतं. त्याची गोळी ठासायला गेलात तर कडं सहज निघत नाही आणि सगळा ताण दांड्यावर, त्याच्या स्क्रूवर येतो. शुद्ध शिसं नखाने ओरखडता येतं. घरी ओतलेल्या गोळीवर छाटल्याची सपाट खूण राहते. ठासताना ती बरोबर वर, मधोमध ठेवतात, म्हणजे गोळी उडताना समतोल राहते. कारखान्यात दाबून घडवलेल्या गोळ्यांवर ही खूण नसते. तरीही ओतणारे ओततातच, कारण आपल्या खणाला नेमकी बसेल अशा मापाचा साचा निवडणं त्यांच्या हातात असतं.