कामावर लागलं, तर केसपेपरवर तसंच लिहून घ्या

रुग्णालयात रात्रपाळी करताना आम्ही एक गोष्ट अनेकदा पाहिली. सुरक्षारक्षक हात मोडून यायचा, अंगावर गणवेश तसाच आणि सोबत ठेकेदाराचा माणूस. "कसं लागलं?" विचारलं की सोबतचाच आधी बोलायचा, "घरी जिन्यावरून पडला." केसपेपरवर तेच लिहिलं जायचं. पुढे दीड महिना हात प्लास्टरमध्ये, पगार बंद आणि घरात उसनवारी सुरू.

वस्तीतले कितीतरी भाऊ-बहिणी ठेक्यावर पहारा देतात, सफाई करतात. ज्यांचा पगार महिना 21,000 रुपयांपर्यंत आहे, त्यांना बहुतेक ठिकाणी राज्य कामगार विमा योजना, म्हणजे ईएसआय, लागू असते. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना, 1944 मध्ये अडारकर अहवाल आला. त्यातूनच पुढे 1948 चा ईएसआय कायदा झाला.

या योजनेत दुखापत कुठे झाली यावर पैसे ठरतात. कामावर लागलं असेल, तर डॉक्टरांनी विश्रांती सांगितलेल्या काळात सरासरी मजुरीच्या 90 टक्के रक्कम मिळते. नोकरीचा पहिलाच दिवस असला तरी हा हक्क आहे. अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस काम बुडालेलं असावं, एवढीच अट. घरी पडल्यास तो साधा आजार धरतात. त्याला 70 टक्के, वर्षात फार तर 91 दिवस, आणि तेही आधी 78 दिवसांची वर्गणी भरलेली असेल तरच.

रोजची मजुरी 500 रुपये धरा. चाळीस दिवसांचे एका हिशेबाने 18,000 होतात, दुसऱ्याने 14,000 सुद्धा पुरे होत नाहीत. नवीन कामगाराला तर काहीच नाही. एका खोट्या वाक्याची ही किंमत.

म्हणून घरच्यांनी एवढं करावं:

• जखमी माणसाला स्वतः बोलू द्या. जागा, वेळ आणि "कामावर असताना" हे शब्द केसपेपरवर लिहून घ्या.
• ठेकेदाराला लेखी कळवा, प्रत ठेवा. अपघाताचा अहवाल ईएसआयकडे पाठवणं ही मालकाची जबाबदारी आहे.
• प्रत्येक विश्रांतीचा दाखला ईएसआयच्या डॉक्टरांकडून घ्या.
• कामावर जाता-येता अपघात झाला तरी तसं सांगा. तोही यात बसू शकतो.
• हाड जुळूनही हात पूर्वीसारखा चालत नसेल, तर वैद्यकीय मंडळाकडून तपासणी मागा. कायमच्या अपंगत्वाला दरमहा लाभ आहे.

ईएसआय लागू नसेल तरी हात रिकामे नाहीत. 1923 च्या भरपाई कायद्यातली तरतूद आता 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. त्यानुसार दर पंधरवड्याला मासिक पगाराच्या 25 टक्के रक्कम आणि उपचाराचा खर्च मालकाने द्यायचा असतो. पगार मोजताना सरकारी मर्यादा लागते. ठेकेदार पळाला, तर ज्याच्या कामावर माणूस होता त्या मुख्य मालकाकडे मागता येतं.

नोकरी जाईल ही भीती आम्हाला कळते. पण प्लास्टर घालण्याआधी केसपेपर एकदा मोठ्याने वाचून घ्या. चूक असेल तर तिथेच दुरुस्त करायला सांगा.