रेसच्या गाडीचा पिंजरा : नियमातला प्रत्येक आकडा कशासाठी?

आजचा विषय आहे रोल केज, म्हणजे रेसच्या किंवा रॅलीच्या गाडीत आतून बसवलेला पोलादी नळ्यांचा सांगाडा. वर्कशॉपमध्ये त्याला नुसतं ‘केज’ म्हणतात, मीही तेच म्हणेन.

हौशी स्पर्धक पहिल्यांदा केज घ्यायला निघतो तेव्हा दोन गोष्टी विचारतो : केवढ्याला पडेल आणि वजन किती वाढेल. खरं तर आधी विचारायला हवं ते हे, की गाडी उलटली तर छपरावर येणारा जोर कुठून कुठे जाणार? नियमपुस्तकातला जवळजवळ प्रत्येक आकडा याच प्रश्नाचं उत्तर आहे. हे एकदा कळलं, की केज निवडणं बरंच सोपं होतं.

आधी स्पर्धा, मग केज

आपल्याकडे मोटरस्पोर्टचं नियमन फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया ही संस्था करते. जागतिक पातळीवर एफआयए आहे. एफआयएच्या ‘अपेंडिक्स जे’मधल्या कलम २५३ मध्ये केजचे नियम दिलेले आहेत. त्याशिवाय प्रत्येक स्पर्धेचे स्वतःचे पूरक नियम असतात. नाशिकची रॅली ऑफ महाराष्ट्र, कोइंबतूरच्या ट्रॅकवरची रेस आणि मैदानातली ऑटोक्रॉस यांच्या गरजा सारख्या नसतात. म्हणून कुठे धावायचं आणि कोणत्या गटात, हे आधी ठरवा. त्या वर्षीचे नियम हातात घ्या आणि मगच फॅब्रिकेटरकडे जा.

कलम २५३ तीन वाटा देतं. एक, नियमातल्या आकृत्यांप्रमाणे केज बनवून घेणे. दोन, राष्ट्रीय संस्थेने प्रमाणित केलेला केज. तीन, खुद्द एफआयएने मान्यता दिलेला केज. पहिली वाट स्वस्त पडते, पण तिथे आकृतीपासून एक नळीसुद्धा इकडे-तिकडे करायची मुभा नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेत केज कागदपत्रांसह येतो. त्यात नंतर भोक पाडलं किंवा नळी कापली, तर ते प्रमाणपत्र निरुपयोगी होतं.

नळीच का?

चालकाच्या मागे उभी असते ती मुख्य कमान, मेन हूप. तिच्यासाठी नियम दोन मापं देतो : ४५ मिमी व्यास आणि २.५ मिमी जाडी, किंवा ५० मिमी व्यास आणि २ मिमी जाडी. पुष्कळांना वाटतं, जाड पत्र्याची नळी जास्त मजबूत. गणित करून बघा. वाकण्याला होणारा विरोध दोन्हींचा जवळपास सारखा येतो, ५० मिमीवालीचा किंचित जास्तच. वजन मात्र पहिलीचं मीटरला सुमारे २.६ किलो आणि दुसरीचं सुमारे २.४ किलो. म्हणजे नळी जाड करण्यापेक्षा रुंद करणं फायद्याचं. त्याच वजनाची भरीव सळई घेतली, तर ती जेमतेम २१ मिमीची होईल आणि वाकण्याच्या बाबतीत नळीच्या पाव ताकदीची असेल. अर्थात हे किती ताणायचं यालाही मर्यादा आहे. नळी फार पातळ केली, की ती वाकायच्या आधीच चेपते.

धातूही ठरलेला आहे : थंड ओढलेलं, सीमलेस, साधं कार्बन पोलाद, तन्यता किमान ३५० न्यूटन प्रति चौरस मिमी. बाजारात स्वस्त मिळणारा ईआरडब्ल्यू पाइप लांबीभर शिवलेला असतो. गेट आणि ग्रिलला तो उत्तम, इथे नाही. व्हर्नियरने बाहेरून मोजल्यावर दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून पोलादाचं टेस्ट सर्टिफिकेट मागून घ्या.

वाकवताना

मुख्य कमान एकसंध नळीची हवी, मध्ये जोड चालत नाही. नळी थंडच वाकवायची. वाळू भरून, गरम करून पाइप वाकवणारे कुशल कारागीर आपल्याकडे आहेत, पण त्या उष्णतेने थंड ओढल्यामुळे आलेली ताकद कमी होते. वळणाची त्रिज्या व्यासाच्या किमान तिप्पट हवी. वळणावर नळी थोडी चपटी होतेच, पण लहान व्यास मोठ्या व्यासाच्या ०.९ पटीपेक्षा कमी होता कामा नये. आणि जिथे वळणाची गरज नाही तिथे वळण नको. तिरकी नळी सरळच हवी. सरळ नळीवर जोर लांबीच्या दिशेने येतो आणि ती दाब झेलते. बाक असलेली नळी तोच जोर घेऊन आणखी वाकते.

हा तिरका नुसता चौकोनी चौकटीला त्रिकोणांत विभागतो, म्हणून कमान कलंडत नाही. मागे जाणाऱ्या दोन नळ्या, बॅकस्टे, उभ्या रेषेशी किमान ३० अंशांचा कोन करतात. कोन त्याहून कमी झाला, तर पुढून-मागून येणारा जोर त्यांना पेलत नाही.

जोर शेवटी जमिनीशी

आता सगळ्यात दुर्लक्षित भाग, केजचे पाय. मान्यतेसाठी येणाऱ्या केजच्या मुख्य कमानीला वरून गाडीच्या वजनात १५० किलो मिळवून त्याच्या साडेसातपट भार सोसावा लागतो. गाडी हजार किलोची धरली, तर हा भार साडेआठ टनांच्या वर जातो. समजा त्यातले चार टन एका पायावर आले. ४५ मिमी नळीच्या कडेचं क्षेत्रफळ फक्त ३.३ चौरस सेंटीमीटर आहे, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला बाराशे किलो. खाली गाडीचा फ्लोअर, एक मिमीच्या आसपासचा पत्रा. केज शाबूत राहील, पण पाय फ्लोअर फोडून खाली जातील आणि कमान चालकाच्या डोक्यावर येईल.

म्हणून नियम सांगतो : मुख्य आणि पुढच्या पायांखाली किमान ३ मिमी जाड, १२० चौरस सेंटीमीटरची प्लेट बॉडीला वेल्ड करा आणि पाय किमान तीन एम८ बोल्टांनी, ८.८ ग्रेडच्या, बसवा. तोच भार आता दर चौरस सेंटीमीटरला ३३-३४ किलोवर येतो. प्लेटखालचा पत्रा गंजका असेल, तर हे सगळं गणित फुकट. जुनी गाडी घेतली असेल तर आधी कार्पेट काढून, फ्लोअर खरवडून बघा.

फॅब्रिकेटरकडे काय बघायचं?

वेल्डिंग नळीच्या पूर्ण परिघाला हवं. गोची छपराजवळ होते. तिथे टॉर्च शिरत नाही, म्हणून काही जण खालचा अर्धा भाग जोडतात आणि वरचा तसाच सोडतात. चांगला कारागीर पाय बसवायच्या आधी केज खाली उतरवतो, वरचे जोड पूर्ण करतो आणि मग उचलून जागेवर बसवतो. त्या टप्प्याचे फोटो मागा. रंग लावण्यापूर्वी स्वतः आरसा घालून प्रत्येक जोड बघा. रंगाखाली पुष्कळ काही झाकलं जातं.

दरवाज्याच्या नळ्यांकडेही लक्ष द्या. बाजूने धडक बसली तर मध्ये उभं राहणारं एवढंच असतं, पण त्या दरवाज्याच्या निम्म्या उंचीच्या वर जाऊ नयेत. आग लागली तर चालकाला बाहेर यायचं असतं.

शेवटी पॅडिंग. हेल्मेट जिथे लागू शकतं तिथे एफआयए ८८५७-२००१ मानकाचं, टाइप ए, पॅडिंग लागतं. पाइपवर चढवायचा एसीचा मऊ फोम धक्का शोषत नाही, लगेच दबतो.

प्रश्नोत्तरांतून

*प्रश्न : बोल्टवाला तयार केज घ्यावा की वेल्ड केलेला?*

दोन्ही नियमात बसू शकतात. गाडी एकच, गंभीर रॅली करायची आणि पुढे विकायची घाई नाही, असं असेल तर वेल्ड केलेला घ्या. नुकती सुरुवात असेल, तर कागदपत्रांसह येणारा तुमच्याच मॉडेलचा बोल्टवाला केज बरा. दुसऱ्या मॉडेलचा ‘थोडा ॲडजस्ट करून’ अजिबात नको.

*प्रश्न : माझी गाडी रोज ऑफिसलाही जाते. केज लावला तर जास्त सुरक्षित होईल ना?*

नाही, उलट होईल. केज एकटा काम करत नाही. बकेट सीट, पाच किंवा सहा पट्ट्यांचा हार्नेस आणि हेल्मेट यांच्यासोबतच तो काम करतो. ऑफिसला जाताना डोकं उघडं असतं आणि साध्या बेल्टमध्ये शरीर बरंच पुढे-बाजूला सरकतं. तेव्हा साध्या धडकेतही डोकं त्या नळीवर आदळू शकतं. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार गाडीत करता येत नाही. स्पर्धेची गाडी वेगळी ठेवा आणि ट्रेलरवरून न्या. तेवढं बजेट नसेल, तर ज्या गटात केज सक्तीचा नाही तिथे आधी एक-दोन मोसम धावा आणि ते पैसे चांगल्या हेल्मेटवर खर्च करा.